आधी सोडून गेलेल्या दोघांना फोन करा

वाचकाचं पत्र

मी नागपुरातल्या एका खासगी ट्रस्टच्या वैद्यकीय संस्थेत जीवरसायनशास्त्र विभागाची प्रमुख आहे. आमच्याकडे जैववैद्यकीय संशोधनाचा वेगळा विभाग सुरू होतोय आणि सहायक प्राध्यापकांच्या तीन जागा मंजूर झाल्या आहेत. तिन्ही जागा नुकती कारकीर्द सुरू करणाऱ्यांसाठी आहेत. बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची याची यादी) तपासून आली आहे: एक जागा अनुसूचित जमातीसाठी, दोन खुल्या. मागच्या भरतीत घेतलेले दोघे वर्ष-दीड वर्षात सोडून गेले. त्यातली एक गडचिरोलीकडची, घरातली शिकलेली पहिलीच मुलगी होती. संचालक म्हणतात, "अशी माणसं आपल्याकडे टिकत नाहीत, या वेळी फक्त गुणवत्ता बघा." त्याच भरतीत एका उमेदवाराने जिना चढून आल्यावर पाच मिनिटं बसायला मागितली, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असल्याचं सांगितलं, आणि समितीतल्या एका सदस्याने कागदावर "तब्येत नाजूक" असा शेरा लिहिला. मला ते खटकलं, पण मी गप्प बसले नाही तरी फारसं काही करूही शकले नाही. विदर्भातली मुलं, पहिल्या पिढीतली मुलं, संसारामुळे कामात खंड पडलेल्या बायका यांना या वेळी खरी संधी मिळावी असं मनापासून वाटतं. भीती एवढीच की उद्या लोक म्हणतील, मॅडमनी गुणवत्तेशी तडजोड केली. मी काय करू? आणि मुलाखतीत "इथे टिकाल ना?" असं विचारावं का?

— एक विभागप्रमुख, नागपूर

उत्तर

ताई,

"अशी माणसं टिकत नाहीत" हे संचालकांचं वाक्य लिहून तुम्ही पुढच्या मुद्द्याकडे गेलात. मी तिथेच थांबले. दोन माणसं गेली, आणि ती का गेली हे संस्थेत कुणी विचारल्याचं तुमच्या पत्रात तरी दिसत नाही. कारण माहीत नसताना सगळा दोष जाणाऱ्यांच्या नावावर टाकून झाला आहे, आणि आता त्याच्याच आधारे नवी भरती होणार आहे.

म्हणून जाहिरातीचा मसुदा बाजूला ठेवा आणि आधी त्या दोघांना फोन करा. तुम्ही स्वतः करा, कार्यालयातून पत्र पाठवू नका. "परत याल का" हा विषय काढू नका. साधे प्रश्न विचारा. काम करायला प्रयोगशाळेत बेंच कितव्या महिन्यात मिळाला? पहिल्या खरेदीची फाइल किती टेबलांवरून फिरली? आठवड्याला प्रॅक्टिकलच्या किती बॅचेस होत्या? नॅकच्या, म्हणजे संस्थेच्या मूल्यांकनाच्या फायली, वसतिगृहाची रेक्टरकी, स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन कुणाच्या गळ्यात होतं? घर कोणत्या भागात मिळालं, आणि ते मिळेपर्यंत किती घरमालकांनी आडनाव विचारून फोन ठेवला? दुपारचा डबा कुणाबरोबर खात होतात? जी उत्तरं येतील ती लिहून काढा. नव्या तीन जागांचं नियोजन त्या कागदावरून सुरू करा.

नागपूरच्या माणसाला बाबासाहेबांविषयी मी काय सांगायचं, पण एक प्रसंग इथे नेमका लागू पडतो. १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. नेमणूक झाली होती, पद होतं, योग्यतेबद्दल कुणाला शंका नव्हती. शहरात राहायला जागा मात्र कुणी देईना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला तर तिथूनही बाहेर काढलं गेलं, आणि नोकरी सोडून त्यांना मुंबईला परतावं लागलं. तिथेही "टिकले नाहीत" असंच कुणीतरी म्हटलं असेल. त्यांची निवड चुकली नव्हती. निवडलेल्या माणसाला राहता येईल अशी व्यवस्था कुणी केली नव्हती. तुमच्या गडचिरोलीच्या मुलीला वर्धा रोडवर किंवा मेडिकल चौकाजवळ खोली शोधताना काय ऐकावं लागलं, हे आज तुमच्या संस्थेत कुणालाच माहीत नाही. ते माहीत करून घेणं हे विभागप्रमुखाचं काम आहे, असं मी मानते.

तुमच्या पत्राचा रोख "कुणाला घेऊ" असा आहे. माझं म्हणणं असं की सर्वांना सामावून घेणाऱ्या भरतीचा फार थोडा भाग मुलाखतीच्या दिवशी घडतो. मोठा भाग जाहिरात निघण्याआधी ठरतो आणि उरलेला नेमणुकीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत.

आधीच्या भागाबद्दल बोलू. "फक्त गुणवत्ता बघा" या सूचनेला माझा काडीचाही विरोध नाही. पण गुणवत्ता म्हणजे काय ते अर्ज उघडण्याआधी कागदावर लिहा, तारीख टाका आणि समितीच्या सगळ्या सदस्यांच्या सह्या घ्या. यामागे भक्कम कारण आहे. २००५ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पोलीसप्रमुखाच्या पदासाठी एक स्त्री आणि एक पुरुष, असे दोन उमेदवार लोकांपुढे ठेवले. एकाकडे रस्त्यावरचा अनुभव जास्त, दुसऱ्याकडे शिक्षण जास्त. पुरुषाकडे अनुभव असला की लोकांना अनुभव महत्त्वाचा वाटे, पुरुषाकडे शिक्षण असलं की शिक्षण. आपण भेदभाव करतोय असं त्यांतल्या कुणालाच वाटत नव्हतं. उलट आपण अगदी वस्तुनिष्ठ आहोत अशी त्यांची खात्री होती. उमेदवार समोर येण्याआधीच ज्यांच्याकडून निकष ठरवून घेतले, त्यांच्या बाबतीत हा कल नाहीसा झाला. आपल्याकडच्या निवड समित्यांत बसलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. एकाच्या वेळी "पेपर कमी, पण कल्पना चांगल्या आहेत" आणि दुसऱ्याच्या वेळी "कल्पना ठीक, पण पेपर कुठे आहेत?"

निकष लिहिताना न लिहिलेल्या अटी शोधून काढा. पहिली अट म्हणजे परदेशातला पोस्टडॉक, पीएचडीनंतरचं संशोधन. जाहिरातीत ती नसते, पण छाननीत असते. भंडाऱ्याच्या ज्या मुलाच्या फेलोशिपवर धाकट्या भावाचं शिक्षण चाललंय, तो तीन वर्षं बोस्टनला जाऊ शकत नाही. जिचं मूल दोन वर्षांचं आहे तिलाही ते सोपं नाही. परदेशात शिकलेलं तंत्र तुमच्या विभागाला हवं असेल तर त्या तंत्राचं नाव निकषात लिहा. ते कुणी हैदराबादेत शिकलं असेल तर तेही चालायला हवं.

दुसरी अट इम्पॅक्ट फॅक्टरची, म्हणजे नियतकालिकातल्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो त्या आकड्याची. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाचं मोजमाप करू नये असं २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात शास्त्रज्ञांनीच म्हटलं आहे. त्याऐवजी प्रत्येक उमेदवाराकडून त्याच्या तीन सर्वोत्तम कामांची एकेका परिच्छेदात माहिती मागा: प्रश्न काय होता, तुमचा स्वतःचा वाटा कोणता, कोणत्या साधनांवर काम केलं. शेवटचा मुद्दा आपल्या भागासाठी फार महत्त्वाचा आहे. बंगळुरूच्या एखाद्या मोठ्या संस्थेत फ्लो सायटोमीटर, पेशी मोजण्या-तपासण्याचं महागडं यंत्र, खालच्या मजल्यावर असतो. आपल्या विद्यापीठाचा पीएचडीचा विद्यार्थी त्याच यंत्रासाठी दुसऱ्या संस्थेत तारीख मागतो, बर्फाच्या डब्यात नमुने घेऊन जातो आणि वीज गेली की परत येतो. दोघांचे पेपर नुसते मोजले तर या दुसऱ्या मुलाची क्षमता तुम्हाला दिसणारच नाही. आणि तुमचा विभाग तर नवा आहे. साधनं जुळवत काम उभं करण्याची ज्याला सवय आहे, तोच तुम्हाला हवा आहे.

तिसरी अट वयाची. वयाची मर्यादा घालणं तुमच्यावर बंधनकारक नसेल तर घालूच नका. त्याऐवजी पीएचडीनंतर प्रत्यक्ष संशोधनात घालवलेली वर्षं मोजा आणि बाळंतपण, आजारपण, घरच्यांची सुश्रूषा यांत गेलेला काळ वजा करा. जैववैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या इंडिया अलायन्सच्या फेलोशिपमध्ये वयाऐवजी संशोधनाची वर्षंच धरतात आणि खंड लक्षात घेतात, त्यामुळे तुम्ही काही जगावेगळं करत नाही आहात.

जाहिरात कुठे पोचवायची याचाही विचार हवा. दोन वर्तमानपत्रांत छापून संकेतस्थळावर टाकली की दरवेळचेच लोक अर्ज करतात. नागपूर, अमरावती आणि गोंडवाना ही तिन्ही विद्यापीठं, सेवाग्रामची वैद्यकीय संस्था, नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, नागपूरचं एम्स, चंद्रपूरचं आयसीएमआरचं रक्तविकार केंद्र, जबलपूरची आदिवासी आरोग्य संशोधन संस्था, इथल्या प्रकल्पांवर करारावर राबणाऱ्या पीएचडीधारकांपर्यंत ती गेली पाहिजे. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे. बार्टी, सारथी आणि नागपुरातच मुख्यालय असलेली महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपवर पीएचडी केलेली मुलं आहेत. आणखी एक गट मला फार जवळचा वाटतो. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची महिला शास्त्रज्ञ योजना किंवा जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर घेऊन ज्या बायकांनी दुसऱ्याच्या प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात स्वतःचा प्रकल्प स्वतंत्रपणे चालवला आणि मुदत संपल्यावर घरी बसल्या, त्या. प्रकल्प मागितला, मिळवला, हिशेब दिला, पेपर लिहिला. एवढं करून त्यांना कायमचं पद मिळालेलं नाही. "कारकिर्दीत खंड" एवढंच त्यांच्या अर्जात पाहू नका, या प्रकल्पांची यादी नीट वाचा. अशा उमेदवारांना तुम्ही स्वतः फोन करून अर्ज करायला सांगितलंत तर त्यात गैर काही नाही, मात्र तो फोन पात्र दिसणाऱ्या सगळ्यांना जायला हवा.

पहिल्या छाननीत संशोधनाचा दोन पानी आराखडा नाव, आडनाव आणि संस्था झाकून वाचा. प्रकाशनांची यादी आली की नाव कळणारच, पण निदान पहिलं मत कोऱ्या नजरेनं बनेल. सुखदेव थोरात, आपल्या अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ, आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त आडनावं वेगळी. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. बोलावणं येण्याआधीच हे घडतं. तिथे "मुलाखतीत आम्ही सगळ्यांना सारखं वागवतो" या आश्वासनाचा काही उपयोग नाही.

शिफारसपत्रंही जपून वाचा. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकपदासाठी आलेल्या ३०० हून अधिक शिफारसपत्रांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांसाठीची पत्रं आखूड होती आणि त्यांत शंका उत्पन्न करणारी वाक्यं जास्त होती. आपल्याकडे मुलीच्या पत्रात "मेहनती, मनमिळाऊ, आज्ञाधारक" आणि मुलाच्या पत्रात "स्वतंत्र बुद्धीचा" असं लिहिणारे गाइड मी आयुष्यभर पाहिले आहेत. पत्राचा नमुना तुम्हीच पाठवा, त्यात ठरलेले चार प्रश्न विचारा.

मुलाखतीबद्दल मी थोडक्यातच लिहिते, कारण निकष आधी लिहिले असले की ती बरीचशी सरळ होते. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक सदस्याने आपले गुण चर्चेआधी लिहून बंद करायचे. फळ्यावर खडू घेऊन पुढच्या पाच वर्षांचं काम समजावून सांगायला लावा, आणि मराठी-हिंदी मिसळून बोललं तरी चालेल असं आधीच कळवा. शोधनिबंध इंग्रजीत लिहिता येतो हे अर्जावरून दिसतंच. इंग्रजी उच्चार सफाईदार आहेत म्हणून विचारही तसेच आहेत असं मानण्याची आपली सवय फार खोल गेलेली आहे. "मूळचे कुठले?", "हे आडनाव कोणाकडचं?", "मिस्टर काय करतात?", "मुलं लहान आहेत का?" हे चहाबरोबरचे प्रश्नसुद्धा बंद. आपल्याकडे गाव आणि आडनाव विचारून जात काढतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, समोर बसलेल्यालाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, स्त्री किंवा दिव्यांग उमेदवार असेल आणि समितीत त्या गटातलं कुणीच नसेल, तर तसा एक सदस्य घ्यावा लागतो. तुमची संस्था कोणत्या नियमावलीखाली येते ते प्रशासन पाहील, पण हे तत्त्व घ्याच. आणि शक्य असेल तर तो सदस्य विषयातला जाणकार घ्या, म्हणजे त्याला कुणी शोभेला बसवलंय असं होणार नाही.

आता "तब्येत नाजूक". ताई, हा शेरा वाचून मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. सिकलसेल हा विदर्भाचा आजार आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, आदिवासी आणि दलित समाजातल्या किती घरांत तो आहे हे तुमच्या विभागाला वेगळं सांगायला नको. २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, २०४७ चं उद्दिष्ट ठेवलं, आणि तुमचा नवा विभागही त्यावर प्रकल्प मागणार असं मी धरून चालते. ज्या आजाराचे नमुने आपण फ्रीझरमध्ये साठवणार, तो आजार घेऊन पीएचडीपर्यंत पोचलेला माणूस समोर आला तर त्याच्या तपासणीचा अधिकार निवड समितीला कुणी दिला? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि सिकलसेल त्यांत आहे. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण रक्ताच्या विकारांना मिळत नाही, हे खरं. पण समान संधीचं धोरण जाहीर करणं त्याच कायद्याने खासगी आस्थापनांनाही बंधनकारक केलं आहे. तुमच्या संस्थेचं धोरण कुठे आहे ते विचारा. नसेल तर जाहिरातीआधी करायला लावा.

प्रत्यक्षात लागतं किती थोडं! मुलाखत तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीत. पाणी हाताशी. मे महिन्यात दुपारी दोनला कुणालाच बोलावू नका, नागपूरचं ऊन सगळ्यांनाच सोसवत नाही. रुजू झाल्यावर ४ अंशांच्या कोल्ड रूममधलं लांबलचक काम दुसऱ्या पद्धतीने विभागून देता येतं, कारण थंडी, अतिश्रम आणि शरीरातलं पाणी कमी होणं यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. बोलावण्याच्या पत्रातच एक ओळ घाला: "मुलाखतीसाठी कोणती सोय हवी असल्यास कळवा, त्याचा निवडीवर परिणाम होणार नाही." ज्यांना काहीच नको असेल त्यांनाही त्या ओळीवरून तुमची संस्था कशी आहे ते कळेल. शेऱ्यांच्या कागदावर तब्येत, वय, कपडे, बोलण्याची ढब यासाठी रकानाच ठेवू नका.

राखीव जागेबद्दल एक कळकळीची विनंती. "योग्य उमेदवार आढळला नाही" असं लिहून ती जागा रिकामी ठेवण्याचा मार्ग समितीला फार लवकर सुचतो. या वेळी आधीच ठरवून घ्या की प्रत्येक उमेदवार कोणत्या लिखित निकषावर, किती कमी पडला हे नोंदवल्याशिवाय ते वाक्य इतिवृत्तात जाणार नाही, आणि गेलंच तर पुन्हा जाहिरात निघेल. दुसरं, जमातीचा किंवा कुठल्याही मागास प्रवर्गाचा उमेदवार त्या दोन खुल्या जागांसाठीही तितकाच पात्र आहे. खुल्या जागा गुणवत्तेवर सगळ्यांसाठी असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सौरव यादव प्रकरणात पुन्हा स्पष्ट केलं आहे. "त्यांची एक जागा आहे ना" असं समितीत कुणी म्हणालं तर तुम्ही तिथेच थांबवा.

अशा उमेदवाराने सिकलसेल किंवा आदिवासी आरोग्यावरच काम करावं, अशी अपेक्षाही ठेवू नका. गडचिरोलीच्या मुलीला प्रथिनांच्या रचनेत रस असेल तर तिला तेच करू द्या. खर्र्यामुळे (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणामुळे) होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगावर किंवा सर्पदंशावर काम करावंसं वाटलं, कारण ते तिने घरात पाहिलंय, तर उत्तमच. पण तो निर्णय तिचा.

तिघांना एकाच वेळी घ्या. हे मी आग्रहाने सांगते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी, म्हणजे एनआयएचने, "फर्स्ट" नावाचा कार्यक्रम आखला होता आणि त्यासाठी नऊ वर्षांत २४.१ कोटी डॉलरची तरतूद ठरवली होती. २०२१ मध्ये त्यातले पहिले निधी दिले गेले. जैववैद्यकीय विषयांतल्या नव्या सहायक प्राध्यापकांना एकेकट्याने न घेता गटाने घ्यायचं, त्यांना मार्गदर्शक आणि संशोधनाचा वेळ द्यायचा, आणि त्याच वेळी संस्थेने आपले नियम, आपलं वातावरण बदलायचं, ही त्यामागची कल्पना. उमेदवाराचा वंश किंवा लिंग हा निवडीचा निकष नव्हता. सर्वांना सामावून घेण्यासाठी त्याने आजवर काय केलं, हे पाहिलं जाई. २०२५ मध्ये तिथलं सरकारी धोरण उलटलं आणि अशा कामांचा पैसा छाटला गेला. पण एकटा पडलेला माणूस निघून जातो आणि सोबत असलेला टिकतो, हे कुठल्या सरकारवर अवलंबून नाही. तीन नवे सहकारी एकाच महिन्यात आले की एकच उणे ८० अंशांचा फ्रीझर तिघे वापरतील, एथिक्स कमिटीचा अर्ज एकमेकांना वाचायला देतील, आणि डबाही एकत्र खातील.

नेमणुकीचं पत्र ११ महिन्यांच्या कराराचं नको. नव्या संशोधकांसाठीचे बहुतेक सरकारी निधी नियमित पदावरच्यांनाच मिळतात. केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची पंतप्रधान अर्ली करिअर ग्रँट घ्या; तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत रक्कम आहे, आणि नियमित पद नसेल तर अर्जच करता येत नाही. करारावर घ्यायचं, म्हणून प्रकल्प नाही, प्रकल्प नाही म्हणून कायम करायचं नाही. ट्रस्टला हे रुपयांत समजावून सांगा, ते ऐकतील.

पत्रासोबत एक पान जोडा आणि त्यावर संचालकांची सही घ्या: प्रयोगशाळेची जागा किती चौरस फूट, सुरुवातीचा निधी किती आणि तो कोणत्या तारखेपर्यंत हाती पडेल, पहिल्या दोन वर्षांत आठवड्याला जास्तीत जास्त किती तास शिकवणं, आणि कोणती प्रशासकीय कामं दिली जाणार नाहीत. हे शेवटचं फार गरजेचं आहे. नवी मुलगी आली की रांगोळी, स्वागत, सूत्रसंचालन आणि नॅकचा एक अख्खा क्रायटेरियन तिच्याकडे जातो. मागासवर्गीय सहकारी आला की मागासवर्गीय कक्षाच्या प्रत्येक समितीवर त्याचं नाव येतं. ही कामं संस्थेची आहेत, ती सगळ्यांत वाटा. दोन वर्षांनी "पेपर का नाहीत?" हा प्रश्न विचारणारे तेच लोक असतात ज्यांनी ही कामं दिलेली असतात.

प्रत्येकाला दोन मार्गदर्शक द्या, एक आतला आणि एक बाहेरच्या संस्थेतला; आतला मार्गदर्शक त्याच्या गोपनीय अहवालावर सही करणारा नसावा. राहण्यासाठी पहिलं वर्षभर संस्थेचं क्वार्टर किंवा अतिथिगृहातली खोली द्या, म्हणजे आडनाव सांगत घरं शोधण्याची वेळ येणार नाही. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर २०१७ च्या दुरुस्तीपासून कायद्यानेच लागतं. ते कागदावर आहे की खरंच उघडं असतं, स्वतः जाऊन बघा.

राहिली तुमची भीती. लोक बोलतील. कुणालाही निवडलंत तरी बोलतील. संचालकांच्या ओळखीतल्या मुलाला घेतलं असतं तरी बोलले असते, फक्त हळू आवाजात. तुमच्याकडे तारखेसह लिहिलेले निकष, चर्चेआधी बंद केलेले गुण आणि प्रत्येक उमेदवारामागे नोंदवलेलं कारण असेल. तडजोडीचा आरोप करणाऱ्याला तो कागद दाखवा आणि मागच्या भरतीचा असाच कागद कुठे आहे ते विचारा. आणि निवडलेल्यांची ओळख करून देताना "राखीव जागेवरची" वगैरे शब्द विभागात कुणाच्या तोंडी येता कामा नयेत, ही जबाबदारीही तुमचीच. ओळख कामाने करून द्या: या प्रथिनांवर काम करतात, यांनी अमुक तंत्र बसवलं.

"इथे टिकाल ना?" हे विचारू नका. प्रामाणिक उत्तर देणाऱ्याचं त्यात नुकसान आहे, आणि लग्न न झालेल्या मुलीला त्या प्रश्नात दुसराच प्रश्न ऐकू येतो. त्याऐवजी मुलाखतीच्या दिवशी प्रत्येक उमेदवाराला पाऊण तास मोकळा ठेवा. समितीतलं कुणीही नसेल अशा तुमच्या दोन तरुण सहकाऱ्यांबरोबर त्याला कॅन्टीनमध्ये पाठवा, आणि तिथे काय बोलणं झालं ते त्या सहकाऱ्यांना कधीही विचारू नका. पगार वेळेवर होतो का, रात्री उशिरापर्यंत लॅबमध्ये थांबलं तर घरी कसं जायचं, एचओडी कशा आहेत, हे सगळं उमेदवाराला तिथे विचारू द्या.